कोपऱ्यातलं सातवं माणूस

निसवुड, आयोवा
६ डिसेंबर १९८७

चि. ऑरिन यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझी लेक सुखरूप आहे, पोटभर जेवते आहे आणि माझ्या फोनचा ताबा घेऊन बसली आहे. वरच्या खोलीत करीननं गव्हर्नर कॅल्डरांचा एवढा मोठा फोटो लावलाय, की चादरी बदलायला गेले की मलाच अवघडल्यासारखं होतं. त्यांच्या प्रचारासाठी दिवसभर घरोघर फिरते. प्रत्येक घराचं एक कार्ड आहे तिच्याकडे. कोण कॅल्डरांचा, कोण दुसऱ्याचा, कोण कुंपणावर. माझं कार्ड कसं भरू, असं विचारत होती. मी म्हटलं, आत्या एवढं लिही आणि पुढचं रिकामं ठेव.

तिला सांगितलं नाही, पण माझं ठरत आलंय. मागच्या मंगळवारी कॅल्डरांविरुद्ध उभ्या असलेल्या खासदार लुईस ॲम्बर्ग आल्या होत्या. वाचनालयात आम्ही अकरा जण, त्यात एक वाचनालयवालीच. मी विचारलं, आमचं काउंटीचं हॉस्पिटल बंद होतंय, एकतीस वर्षं मी तिथं बाळंतपणं केली, आता पुढचं हॉस्पिटल चव्वेचाळीस मैलांवर, तुम्ही काय करणार? बाई म्हणाल्या, ते उघडं राहील असा शब्द मी देऊ शकत नाही. नाही म्हणणारी ही पहिलीच भेटली.

आठ फेब्रुवारीला शाळेच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये सभा. राष्ट्राध्यक्षपदासाठी आपल्या पक्षाचा उमेदवार कोण असावा ते ठरवायचं. गेल्या सोळा वर्षांप्रमाणे यंदाही अध्यक्ष मीच. तू वीस वर्षांचा असताना इथून गेलास, विसरला असशील. तुमच्याकडे पडद्याआड जाऊन खूण करायची आणि बायकोलाही सांगायचं नाही. इथं ज्याचा माणूस त्यानं त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत. मग मी डोकी मोजायची.

परवा भांडी पुसता पुसता करीनला एकोणसत्तर सालच्या वादळातली ती हकीकत सांगितली. मी कधी कुणाला सांगत नाही. तिनं विचारलं आणि मी सांगून बसले.

पॉलेटला आशीर्वाद. थंडीत छातीला जप. पत्राला उशीर झाला तरी आठवणीला होऊ देऊ नकोस.

तुझी,
वर्नाताई

---

हार्लो मिल्स, न्यू हॅम्पशायर
१७ जानेवारी १९८८

ति. वर्नाताईस,
सा. न. वि. वि.

तू इतकी वर्षं माझ्यापासून हे लपवून ठेवलंस म्हणून आधी भांडणार आहे.

गुरुवारी कॅल्डर आमच्या टाउन हॉलमध्ये आले होते. करीन त्यांच्याकडे कामाला, म्हणून मी आणि पॉलेट पुढे जाऊन बसलो. कर आणि इंधन यांवर बोलले ते नेहमीचंच. पण मग आवाज खाली आणून त्यांनी एक गोष्ट सांगितली. आयोवातलं हिमवादळ, शेतावरच्या घरात बाळंतपण, पोर जन्मतःच अशक्त. एक नर्स त्या पोरीला कोटाच्या आत छातीशी धरून बर्फ हटवायच्या गाडीत बसली आणि अकरा मैलांवर हॉस्पिटलात घेऊन गेली. पोर वाचली. आता तेच हॉस्पिटल बंद होतंय, म्हणाले, पुढच्या पोरीचं काय?

अख्खा हॉल उभा राहिला. पॉलेट रडत होती. मला तर गाव ऐकल्याबरोबर कळलं. बाहेर पडताना मी त्यांना गाठून सांगितलं, ती नर्स माझी बहीण. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. फोटो निघाला, आमच्या पेपरात आला, तो सोबत धाडतोय. गिरणीतले जुने सोबती आता मला नर्सचा भाऊ म्हणून हाक मारतात.

आता तरी कॅल्डरांच्या कोपऱ्यात उभी राहा. तुझीच गोष्ट सांगत फिरताहेत बिचारे.

करीनला म्हणावं, बाप खूश आहे. वॉशिंग्टनमध्ये नोकरीचं म्हणत होती, ते जमेल असं दिसतं. तुझी माया आहे तशीच असू दे, भांडण पुढच्या पत्रात.

तुझा धाकटा,
ऑरिन

---

निसवुड
२४ जानेवारी १९८८

चि. ऑरिन यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी दुपारी आलं. त्याच संध्याकाळी कॅल्डर इथं काउंटीच्या ठिकाणी यायचे होते, म्हणून तुला लगेच लिहिलं नाही. आता लिहिते.

ती पोर वाचली नाही, ऑरिन. पुलापाशी गाडी आली तेव्हा तिचा श्वास थांबला. पुढचे चार मैल मी तिला तशीच धरून बसले, कारण गाडी चालवणाऱ्या माणसाला सांगितलं असतं तर त्यानं वेग कमी केला असता आणि मला ते नको होतं. का नको होतं, ते आजही सांगता येणार नाही.

ती आर्डिस क्वामची मुलगी. तू आर्डिसला ओळखतोस, शाळेत तुझ्या पुढच्या वर्गात होती. चर्चमध्ये एकोणीस वर्षं आम्ही एका बाकावर बसतो. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, मीही नाही.

गुरुवारी हॉलमध्ये तीनशे माणसं होती. आर्डिस आणि तिचा नवरा मायलो तिसऱ्या रांगेत होते. मी मागे भिंतीशी उभी होते. तुझं पत्र वाचलेलं होतं, म्हणजे काय येणार ते मला माहीत होतं. तिला आधीच गाठून बाहेर न्यायला हवं होतं. गाठायला गेले तोवर दिवे कमी झाले होते. कॅल्डरांनी सांगितलं, पोर वाचली. माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. मायलो बसून राहिला. आर्डिस उभी राहिली आणि तिनंही टाळ्या वाजवल्या.

आज चर्चमध्ये ती दुसऱ्या बाकावर बसली.

करीनवर रागावू नकोस. चूक असलीच तर आधी माझी. तिनं सगळं खरं लिहून वर पाठवलं होतं, पुलासकट. वर कुणीतरी ठरवलं, की निवडणुकीच्या भाषणात मेलेलं मूल चालत नाही. तिनं माझ्यासमोर कचेरीला फोन लावला, म्हणाली, हे थांबवा, त्या पोरीची आई इथंच राहते. तिकडून सांगण्यात आलं, गोष्ट फार छान चाललीये, तू तुझी कार्डं सांभाळ. तेव्हा तिनं कार्डं एका खोक्यात भरून परत दिली. त्यानंतर एकटीच क्वामांच्या घरी गेली. मायलो दारात आला, म्हणाला, बायको झोपलीये. दुपारचे दोन वाजले होते.

करीन दोन दिवस धड जेवली नाही. आठ तारखेपर्यंत इथंच राहू दे.

तुला राग आला तरी तो पत्रात घालून पाठव, मनात ठेवू नकोस.

वर्नाताई

---

हार्लो मिल्स
१ फेब्रुवारी १९८८

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पोरीच्या नोकरीचंच वाईट वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तू म्हणालीस मनात ठेवू नको. पॉलेटला म्हटलं, एका ओळीपायी कुणी नोकरी सोडतं का. पॉलेट म्हणाली, तू आर्डिसच्या जागी मला बसवून बघ.

पेपरातलं कात्रण स्वयंपाकघरातून काढलं. आर्डिस मला आठवते. उंच होती, पाठांतराच्या स्पर्धेत मला हरवलं होतं तिनं.

कॅल्डर तेरा तारखेला पुन्हा इथं येणार आहेत, आमच्या मतदानाच्या तीन दिवस आधी. प्रश्नोत्तरं असतात. मी उभा राहून सर्वांसमोर सांगणार आहे, की ती पोर गेली, आणि हे साहेबांच्या माणसांना ठाऊक आहे. नाव घेणार नाही. मला अडवू नकोस. ज्यांच्यासमोर मी नर्सचा भाऊ म्हणून मिरवलो, त्यांच्यासमोरच हे सांगायला हवं.

पॉलेटचा नमस्कार. करीनला जवळ घे, मला इथून घेता येत नाही. लोभ आहे हे माहीत आहे, म्हणून मागत नाही.

ऑरिन

---

निसवुड
९ फेब्रुवारी १९८८

चि. ऑरिन यास,
अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र तुला तेराच्या आधी मिळावं म्हणून सकाळीच टाकते आहे.

काल सभेला सेहेचाळीस माणसं आली. एवढ्या माणसांत सात जण असल्याशिवाय कोपरा धरला जात नाही. कमी पडले तर त्या उमेदवाराच्या नावावर फुली, आणि त्याच्या माणसांनी दुसरीकडे जायचं. माझ्या ॲम्बर्गबाईंना चौदा मिळाले. मला स्वतःला आश्चर्य वाटलं. कॅल्डरांच्या कोपऱ्यात सहाच. वृद्धाश्रमातले दोघे करीनच्या कार्डावर पक्के होते, पण आता त्यांना गाडीतून आणायला कुणी नव्हतं. करीन मागे पाहुण्यांच्या खुर्चीवर बसली होती. तिला इथं मत नाही. ती कुणाकडेच बघत नव्हती.

मी नियमाप्रमाणे जाहीर केलं, कॅल्डर एकानं कमी, पंधरा मिनिटांत काय ती हलवाहलव करा. खरं सांगते, मला आत कुठंतरी बरं वाटलं.

आर्डिस आणि मायलो तोवर बाकावर बसून होते, कुठल्याच कोपऱ्यात नव्हते. आर्डिस उठली, पर्स काखेत घेतली आणि हॉल ओलांडून कॅल्डरांच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. मायलोनं तिच्याकडे पाहिलं आणि बसून राहिला. मी दोनदा मोजलं. तिच्याजवळ जाऊन काही बोलावं असं फार वाटलं, पण अध्यक्षाला ते करता येत नाही. मी कागदावर सात लिहिलं.

सभा संपल्यावर खुर्च्या रचताना ती माझ्याजवळ आली. मी आधी माफी मागितली. ती म्हणाली, ते राहू दे, मला आधी एक सांग, ती कुठपर्यंत होती? मी म्हटलं, पुलापर्यंत. ती म्हणाली, गारठली होती का? मी म्हटलं, नाही, माझ्या अंगाशी होती, ऊब होती. तिनं एक खुर्ची उचलून बाकीच्यांवर रचली.

मग आपणहून म्हणाली, तू विचारणार नाहीस, पण सांगते. त्यांचं बोलणं खोटं आहे हे मला तुझ्याइतकंच कळतं. माझ्या मुलीला कुणी पाहिलंच नाही, वर्ना. मायलोनंसुद्धा नीट पाहिलं नाही. एकोणीस वर्षं लोक समोर आले, की विषय बदलतात. त्या दिवशी तीनशे माणसं ती आहे असं समजून उभी राहिली. जाईल तिथं तो माणूस तिला जिवंत ठेवतोय. त्याला एक मत दिलं, त्यात काय गेलं?

तिनं मुलीचं नाव सांगितलं. ते मी तुला लिहीत नाही. मग आर्डिसनं करीनकडे जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती मायलोबरोबर घरी गेली.

सकाळी रेडिओवर सांगत होते, ॲम्बर्गबाई राज्यात पाचव्या आल्या आणि त्यांनी माघार घेतली. कॅल्डर दुसरे. म्हणजे आमच्या हॉलमधल्या त्या एका माणसानं कुणाचं काही बिघडलं नाही की सुधारलं नाही.

तेराला तू काय करावंस ते मी सांगत नाही. फक्त झालं ते कळवलं. करीन गुरुवारच्या बसनं निघते आहे. तिचा स्वेटर सैल झालाय, खाऊपिऊ घाल. आणि तुम्ही तिघं आपसांत बोलत राहा.

वर्नाताई

---

हार्लो मिल्स
१७ फेब्रुवारी १९८८

ति. वर्नाताईस,
सा. न. वि. वि.

करीन पोचली. पॉलेटनं तिच्यासाठी वाटाण्याचं सूप आणि मटणाचा पाय शिजवला, दोन दिवस तेच खातोय. नोकरीचं कुणी बोलत नाही. वसंतात ती परत कॉलेजला जाईन म्हणते.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. शनिवारी मी सभेला गेलो, करीन आली नाही. कॅल्डरांनी गोष्ट सांगितली. आता त्यांना ती तोंडपाठ झाली आहे. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं. मी हात वर केला. त्यांनी मला ओळखलं, म्हणाले, त्या नर्सचा भाऊ बसलाय आपल्यात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माइक माझ्या हातात आला.

जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं पाठ होतं. पण तोंडातून ते निघेना. मी विचारलं, साहेब, ती मुलगी आज काय करते?

ते पाण्याचा घोट घेण्याएवढे थांबले. त्यांचा मदतनीस कागदात बघायला लागला. मग ते म्हणाले, ती आता एकोणीस वर्षांची आहे आणि नर्सिंग शिकते आहे.

मी आभार मानले आणि खाली बसलो. बाजूच्या बाईनं माझा हात दाबला.

काल मतदान झालं. आमच्या गावात कॅल्डर सदतीस मतांनी पुढे आहेत, राज्यातही तेच जिंकले. मी पडदा ओढून आत बराच वेळ उभा होतो. बाहेरच्या बाईनं दोनदा विचारलं, ठीक आहात ना म्हणून.

ते काय म्हणाले ते आर्डिसला सांगायचं की नाही, हे मला ठरवता येत नाही. तू तिच्या जवळ आहेस, तू ठरव. माझ्याकडून तिला एवढंच सांग, की मी विचारलं होतं.

आम्हा तिघांचा नमस्कार घे, आणि लवकर लिही.

तुझा,
ऑरिन