सोफ्याखालचं राखाडी

३ मार्च, संध्याकाळी
ही गेल्या आठवड्यापासून बहिणीकडे विश्रांतीला गेली आहे. निघताना म्हणाली, मी चालले. मी हो म्हटलं. लेबलं तपासत होतो, पण हो स्पष्ट म्हटलं.
आज सोफ्यावर राखाडी केस सापडले. बारीक, मऊ. माझे नाहीत, माझ्याकडे सांडायला शिल्लकच नाहीत. म्युझियममध्ये मी आयुष्यभर वस्तू ओळखून लेबलं लिहिली. माझ्याच घरात पुरावा ठेवून कुणी निसटेल, हे शक्य नाही.
संकल्प: आठवड्याभरात ओळख पटवणार. शिंका फार. धूळ.

५ मार्च
उंदीर नाही, मांजर नाही. खिडक्यांना जाळ्या, दाराला कुलूप. लंच टाइममध्ये लायब्ररीतलं लोककथांचं जाडजूड पुस्तक काढलं. जगभर म्हणे घर राखणारे छोटे केसाळ जीव असतात. माणसं नसताना वावरतात. घरात अपमान झाला की निघून जातात.
आमच्याकडे कुणाचा अपमान झालेला नाही. आमच्याकडे तर आवाजही चढत नाही. आठवडे आठवडे कुणी बोलतच नाही.

७ मार्च
सकाळी बशीत दूध ठेवून ऑफिसला गेलो. आलो तर बशी रिकामी. घासलेली, पुसलेली, ओट्यावर पालथी.
पुस्तकात असा उल्लेख नाही. बहुधा वेगळी जात. पेपर लिहावा लागणार.

१० मार्च
वस्तू जाताहेत. हिची शाल, कंगवा, शिवणाचा डबा, खिडकीतली कुंडी. माझ्या एकाही वस्तूला हात नाही. बिचाऱ्याला हिची आठवण येत असावी.
हिचं कपाट उघडलं. नुसते हँगर. खिडकी बंद असून हलत होते. कपाट लावलं. पुन्हा उघडून पाहिलं नाही. त्याची गरज नव्हती.
हिला फोन केला. जेवलास का, म्हणाली. मी म्हटलं, ते असू दे, मोठी बातमी आहे, आलीस की सांगतो.  ती नुसतं म्हणाली, बरं. उत्सुकता ताणली गेली आहे.

१२ मार्च
आईचा फोन. म्हणाली, गाढवा, जा आणि सूनबाईला घेऊन ये, घर खायला उठलं असेल. मी म्हटलं, घर ठीक आहे, एक संशोधन चालू आहे. आई म्हणाली, तुझे वडीलही असेच, स्वतःच्या लग्नात पंख्याचा आवाज कुठून येतो ते शोधत होते. फोन ठेवताना रडवेली वाटली. वय झालं.
हिला आणायला जाणार आहेच. आधी ओळख पटू दे. रिकाम्या हाताने काय जायचं?

१४ मार्च, दुपारी
चष्मा विसरलो म्हणून घरी आलो. सोफ्याखाली दोन डोळे. पिवळे. मागे शेपटी!
स्वयंपाकघरात कुणीतरी गुणगुणत होतं, ते थांबलं. चहाचा वास. अशा प्रसंगी इंद्रियं फसवतात, हे प्रसिद्ध आहे. मी हळूच विचारलं, कोण?  भिंतीपलीकडे कुणीतरी श्वास रोखून उभं होतं. मीही रोखला.
आमच्या खात्याचा नियम: वर्णन पूर्ण होईपर्यंत वस्तूला हात लावायचा नाही. चष्मा न घेताच ऑफिसला परतलो. याला भीती म्हणत नाहीत, पद्धत म्हणतात.

१७ मार्च
हॉलमधला आमचा लग्नातला फोटो नाही. जागेवर फिकट चौकोन. भिंत मुळात कोणत्या रंगाची होती ते आज कळलं. चौकोनासमोर बराच वेळ उभा होतो. मागून कुणी पाहतंय असं वाटत राहिलं. वळलो. कुणी नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.
उद्या रजा. पडद्यामागे उभा राहून छडा लावणार. मग सरळ हिच्या बहिणीच्या घरी. हिला मांजर पाळायची फार हौस होती, माझ्या शिंकांमुळे राहून गेलं. आता म्हणेन, हे बघ, आपल्याकडे काय आलंय. हसेल. उद्या हिला घेऊनच येतो.

१८ मार्च
मी पडद्यामागे. दार किल्लीने उघडलं. ही आत आली. मागे हिची बहीण, हातात टोपली. टोपलीतून राखाडी मांजर उतरलं आणि नेहमीचं असल्यासारखं सोफ्याखाली गेलं. एकटं ठेवलं की रडतं, असं ही बहिणीला सांगत होती.
हिने खणातून उरलेली पुस्तकं काढली. बहीण करवादली, ताई, किती फेऱ्या मारायच्या, एकदाच टेम्पो बोलव ना. ही म्हणाली, सगळं एकदम नेलं तर त्याच्या लक्षात येईल. बहीण म्हणाली, मग येऊ दे की. त्यावर ही हळू म्हणाली, अगं, तेवढ्यासाठीच तर थोडं थोडं नेतेय. आपणहून कधी लक्षात येतं ते बघत होते.
बाहेर यायला हीच वेळ होती. शब्द तयार होते. मी पडदा घट्ट धरून ठेवला.
मग शिंक आली.
बहीण किंचाळली. ही नाही. पडद्याकडे वळून म्हणाली, गोळ्या वरच्या खणात आहेत, संपत आल्यात, आणून ठेव. मांजराला टोपलीत घातलं. किल्ली टेबलावर ठेवली. दार अलगद ओढून घेतलं.
पावलं जिन्यावरून खाली गेली. मध्ये एकदा थांबली. मी हाक मारेन, असं तिला वाटलं असावं.
मलाही वाटलं होतं.