मी हाय ना तिच्या खाली

माय, आज दुकानातून गूळ आणला तर तो प्लास्टिकच्या पिशवीत. ना कागद, ना सुतळी. घरी आल्यावर ती पिशवी फेकली आणि तुझी अशी काही आठवण आली की चुलीपाशी, म्हणजे आताच्या गॅसपाशी, खालीच बसले. सून धावत आली, म्हणाली, "चक्कर आली का?" म्हटलं, नाही गं बाई, माय आली. ती बिचारी घाबरून पाणी घेऊन आली. आता तिला काय सांगू? तुलाच सांगते. मिशनच्या बोर्डिंग शाळेतल्या बायांनी माझं "मले-तुले" सोडवलं, पुढं जन्मभर शिक्षकी केली, भाषा घासूनपुसून लख्ख झाली. पण तुझ्याशी बोलताना ती कुठं कुठं सैल सुटेल, तर सुटू दे.

पिंपळगाव राजाचं ते मिशनचं घर मला अजून डोळे मिटून फिरता येतं. दोन खोल्या, पुढं पडवी आणि आम्ही नऊ भावंडं. बाबा मिशनचे प्रचारक, आठवडाभर या बाजाराहून त्या बाजारी पायपीट करायचे, शनिवारी घरी. गावात शाळा होती की! पण मास्तर ख्रिस्ती पोरांना वर्गात घेत नसत, बाहेरच्या ओट्यावर उन्हात बसवत. मोठ्या दादाला तसं बसलेलं पाहिलं आणि बाबांनी त्याला खांद्यावर टाकून घरी आणलं. म्हणाले, "माहं लेकरू उन्हात बसून शिकनार नाई. घरात शिकन." त्यांनी दादाला शिकवलं आणि मग नियमच घालून दिला: मी मोठ्याला शिकवलं, आता प्रत्येकानं आपल्या खालच्याला शिकवायचं. दादानं ताईला, ताईनं तिच्या खालच्याला, असं खाली खाली. शनिवारी परीक्षा. खालचा चुकला की बोलणी वरच्याला, आणि त्या दिवशी भाकरीही त्याला सगळ्यांच्या शेवटी. काय न्याय होता बाई! ताईला पाढे म्हणताना डावा पाय हलवायची खोड, तर तिच्या खालची सगळी लाईन डावा पाय हलवते. पडवीत आम्ही पाढे म्हणायला बसलो की शेजारची म्हातारी म्हणायची, "अव माय, या लेकरायले मुंग्या चावून राह्यल्या का काय?"

मी सगळ्यांत धाकटी. माझ्यावरच्या भावानं मला शिकवलं ते बहुतेक टपल्या मारून, पण शिकवलं. आणि मग गाडी अडली. बाबांचा दुसरा एक नियम होता ना, की जो खालच्याला पवित्र शास्त्र वाचता येईल इथवर आणेल, तोच पुढं बोर्डिंगात जाईल. दुसऱ्याला शिकवल्याशिवाय आपल्याला आलं असं ते मानतच नसत. एकेक जण आपला खालचा तयार करून निघून गेला होता. माझ्या खाली कोण? सुट्टीला सगळे घरी आलेले असताना एका शनिवारी बाबा चष्मा पुसत म्हणाले, "इचं कसं करावं? इच्या खाली तं कोनी नाई." मी रडायच्या बेतात. तू भाकरी थापत होतीस. वळून न पाहताच म्हणालीस, "मी हाय ना तिच्या खाली."

सगळे हसले. बाबासुद्धा. तू कधी पाटी हातात धरली नव्हतीस. प्रार्थनेला हात जोडून बसायचीस, गीतं सगळी तोंडपाठ, पण शास्त्र उघडलेलं तुला कुणी पाहिलं नव्हतं. तू परातीतलं पीठ सारखं केलंस आणि म्हणालीस, "हासा हासा. तिनं शिकवलं तं मी शिकन." बाबा म्हणाले, "हाव, पाहू." झालं, मी तुझी मास्तरीण झाले.

सुट्टी संपून सगळे परत गेले. दुपारची भांडी झाली की आपली शाळा. तू सुपात तूर घेऊन बसायचीस, मी समोर पाटी घेऊन. माय, खरं सांगू? नऊ लेकरांच्या घरात मला तू कधी अख्खी मिळालीच नव्हतीस. कुणाला तरी ताप, कुणाचं तरी फाटलेलं, कुणाचं तरी भांडण. पदर धरायला जावं तर तो आधीच कुणीतरी धरलेला. आणि आता दुपारभर तू माझी, एकटीची. तुझ्या अंगाला धुराचा आणि ज्वारीच्या पिठाचा वास यायचा. तो वास आला की मला गणित सोपं जायचं, आता हस बाई हवं तर. आणि प्रश्न तरी काय काय विचारायचीस! वजाबाकीत शून्य आलं की अडून बसायचीस: "ज्याच्यापाशी काहीच नाई, त्याच्याकून उसनं काऊन मागाचं वं?" मग मी तुला समजावते, मण्यांनी, चिंचोक्यांनी, कपाळाला हात लावून. भूगोलात मी सांगते, आपला प्रांत मध्यप्रांत आणि वऱ्हाड, राजधानी नागपूर. तू म्हणतेस, "वऱ्हाड आपलं हे समजलं. हा मध्यप्रांत कोनी जोडला त्याले?" मला काय ठाऊक कुणी जोडला! मी चिडून तुला तेच पुन्हा म्हणायला लावायची. आणि पाढे म्हणताना तुझाही डावा पाय हलायचा.

मग तो गुळाचा कागद आला. मी पाणी घेऊन मागल्या दारानं येते, तर तू चुलीपुढं एकटी बसली आहेस, गूळ डब्यात काढलेला, पुडीचा कागद मांडीवर सारखा केलेला आणि तू हसते आहेस. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. मला पाहिलंस आणि कागद चुलीजवळ सारलास, उठून बाहेर गेलीस. मी तो उचलला. जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा. चित्र एकही नाही, नुसती बारीक छपाई. केसांच्या तेलाची जाहिरात होती, की टकलावर महिन्याभरात दाट केस, नाहीतर पैसे परत. आपल्या बाबांचं डोकं मला आठवलं आणि मीही हसले. आणि मग माझं हसू जागच्या जागी थांबलं. म्हणजे तुला वाचता येत होतं. आठ पोरांचे धडे तुझ्या चुलीपुढं घोकले गेले होते, तुझे हात पिठात होते, कान तर मोकळेच होते ना.

त्याच दुपारी तू समोर बसलीस आणि पहिल्याच ओळीला अडखळलीस. बोट ठेवून, कपाळाला आठ्या घालून. मी तुझ्याकडं पाहत राहिले. आता मला शनिवारी बाबांना इतकंच सांगायचं होतं की मायला वाचता येतं, आणि पुढच्या जूनमध्ये मी बोर्डिंगात. सगळी भावंडं गेली होती तिथं. मला जायचं होतं. आणि मला तुला सोडून कुठंच जायचं नव्हतं. मी बोट तुझ्या बोटाशेजारी ठेवलं आणि म्हटलं, "पुन्हा म्हन, माय." तू पुन्हा म्हटलंस. पुन्हा चुकलीस.

तो जून तसाच गेला. बाबा विचारायचे, "काय, झालं का नाई?" आणि तू म्हणायचीस, "माहं डोस्कं जड हाय, तिचा काई कसूर नाई." पुढं मी शेकडो पोरींना शिकवलं तेव्हा कधीतरी वर्गातच उमगलं, तू ज्या चुका करायचीस त्या सगळ्या माझ्या होत्या. शून्याकडून उसनं घेणं मलाच जमत नव्हतं. भाऊ टपल्या मारायचा तेव्हा तू सगळं ऐकत होतीस आणि तेवढंच नेमकं मला विचारत होतीस. मला तुझ्यासारखी मास्तरीण पुन्हा भेटली नाही.

मग मिशनच्या बाईंनी निरोप धाडला की यापुढं मोठ्या वयाच्या पोरी बोर्डिंगात घेणार नाहीत, धाडायची तर यंदाच. बाबांनी तो जेवताना सांगितला. पुढच्या शनिवारी प्रार्थनेनंतर तू उठलीस, हात पदराला पुसलेस, बाबांच्या समोरचं शास्त्र आपल्याकडं ओढलंस आणि वाचायला लागलीस. धडा सगळा, न थांबता, पाणी ओतावं तसा. बाबांनी चष्मा काढला. म्हणाले, "बाप्पा बाप्पा! हे कवा झालं?" तू माझ्याकडं बोट केलंस: "इनं शिकवलं." बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाबा खुश. मला तुझा असा राग आला, असा राग आला, की मी त्या दिवशी जेवले नाही. आणखी एक वर्ष अडखळायला तुझं काय जात होतं?

खामगावच्या गाडीला जायला बैलगाडी दारात उभी होती तेव्हाही मी तुझ्याकडं पाहिलं नाही. तू भाकरी आणि ठेचा बांधून माझ्या मांडीवर ठेवलास, म्हणालीस, "तिथं तुह्या खाली कोनी असंन तं नीट शिकवजो. टपल्या मारजो नको." गाडी हलली. वळणावर मागं पाहिलं तर तू दारात उभी होतीस, आणि तुझा डावा पाय हलत होता.

तू गेलीस त्यालाही आता किती वर्षं झाली. हे पत्र पोस्टात टाकणार कुठं? ठेवते गुळाच्या डब्याखाली. तो कागद मी पाहिला हे तुला ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. पण मले माहीत होतं, माय. त्या दिवसापासून माहीत होतं, आणि तुह्यापाशी राहाले भेटावं म्हणून मी कोनाले सांगतलं नाई. आता हे वाचशील तर सरळ वाचू नको. बोट ठेवून, अडखळत वाच. मी समोर बसली हाये. मले कुठं जायची घाई नाई.