शिदूनं मास्तरला काय सांगितलं

चिमाबाईस बुधाचा पुण्याहून रामराम. मी बरा हाय. पोरांच्या वसतिगृहात पानी भरायचं काम टिकलंय. शिदू हितंच राहून शिकतोय, त्याचीबी तब्येत चांगली हाय. हे येसूकडनं वाचून घे, पर त्याला मोठ्यानं वाचू देऊ नको. गाय व्याली का?

काल विद्यापीठाचा एक मास्तर आलता. पोरं दारू किती पितात ते मोजायचं म्हनं. दारूबंदी असताना असलं कोन इचारतं? मला तर तो पोलिसाचाच मानूस वाटला. पोरं हसून म्हनली, "सर, दारूचं परमिट देता का?"

मी तितंच माठ भरत हुतो. आपल्या शिदूला इचारलं तर तो फाडकन म्हनला, "जन्मात चव घेतली नाही, सर. आमच्या घरी कुणी शिवतही नाही."

आता बोल! दर वाघबारशीला वाघदेवाला दारूची धार दिली की पानाच्या द्रोणातला घोट मीच त्याच्या तोंडाला लावत आलोय.

मास्तर गेल्यावर धरला त्याला. म्हनला, "बा, खरं सांगितलं असतं तर पोलीस आपल्या वाडीवर आलं असतं."

उत्तर लय चटकन आलं. मला न्हाई पटलं. एक तर त्याला आपली लाज वाटती, न्हाईतर हितं पितोय आन झाकतोय.

औंदाच्या वाघबारशीला तो घरी हुता, मी न्हवतो. देवाचा घोट त्यानं चारचौघांत घेतला का तोंड फिरवलं? पोराला पाठीशी घालू नको. खरं काय ते लिवून धाड. घेतला असंल, तर त्याला आपली लाज न्हाई, वाडीसाठीच खोटं बोलला असं धरीन आन मी त्याला पुन्हा काय बी इचारनार न्हाई.

तुमची खुशाली कळव.

बुधा