कुंकू लागेपर्यंत सभा

ती. अक्कास,

धाकट्या वर्षाराणीचा वाकून नमस्कार (सरपंच झाले तरी तुझ्यापुढं वाकते, बाकी कुणापुढं न्हाई). राजारामपुरीत सगळे खुशाल ना? तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस. फोन सोडून पत्र का, ते खाली कळेल.

इकडं मी मजेत. गावच्या टाकीची मोटर जळाली आणि पावसाळ्यापासून वरच्या गल्लीला पाणी नव्हतं, हे तुला ठाऊक आहेच. नव्या मोटरीचा ठराव मांडला, की धोंडुबाईंची आघाडी सभेतून उठून जायची. पाण्याला ‘नको’ म्हणायला तोंड नाही ना, मग उठायचं! माणसं कमी पडली, की सभा रद्द. धोंडुबाईंचे मालक बाळासो खिडकीबाहेर उभे राहून खोकायचे, तीच खूण. (असा खणखणीत खोकला आजारी माणसाला जमायचा नाही.) त्यांच्यातल्या बनाबाई तर वरच्याच गल्लीतल्या. घागरी वाहून मान मोडली बाईची, पण खोकला आला की उठणार पहिल्या! असा राग यायचा म्हणून सांगू!

शेवटी संक्रांत झाल्यावर मी सभेतच हळदीकुंकू ठेवलं. आधी तिळगूळ, मग ठराव, कुंकू अगदी शेवटी. त्यांच्यात सगळ्या बायकाच. कुंकू न लावता सवाष्ण उठेल कशी? बाळासो खोकले. कुणी हललं नाही. परत खोकले. धोंडुबाई नुसत्या पदर सावरत बसल्या. पुन्हा खोकले, तशा बनाबाई खिडकीकडं वळून ओरडल्या, “खोकला झालाय तर काढा प्या जावा की! आमचं कुंकू ऱ्हायलंय!” आणि त्याच झटक्यात त्यांचा हात वर. मग काय, ठराव एकमतानं मंजूर! काल मोटर बसली. बनाबाईंच्या दारातला नळ सुटला तेव्हा आम्ही दोघी रडलो, आणि नंतर तिथंच भांडलोही. आता कसं निवांत वाटतंय बघ. गावाच्या कामात आडवं येणाऱ्यांचं कधी भलं होत नाही, अक्का.

दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
वर्षाराणी

ता. क. : तू दिलेल्या वाणाच्या वाट्या पुरल्या.

आणखी एक : खरं काम राहिलंच, आणि ते फोनवर बोलले तर गावभर होईल, म्हणून पत्र. दूध संस्थेत धोंडुबाई अध्यक्ष, आम्ही विरोधात. मंगळवारी दूध थंड ठेवायच्या टाकीचा ठराव येतोय. (टाकी हवीच, पण त्यांच्या हातून नको.) आम्ही उठून जायचं ठरवलं होतं, तर बाईंनी सभेतच हळदीकुंकू ठेवलंय! रथसप्तमी अजून व्हायचीय ना. तेव्हा तिळगूळ वाटून झाला की मी मिस्ड कॉल देते. तू लगेच फोन कर आणि मोठ्यानं रड, मी स्पीकरवर टाकते, म्हणजे कुंकवाआधी उठायला निमित्त होईल. गुडघा बरा झाला असला, तरी मंगळवारपर्यंत दुखू दे.