केंजीची आई जेवायला येणार

६ नोव्हें.
ओसाकाहून मुक्ताचा फोन. केंजीची आई तेराला धारवाडला येत्येय, एकटीच. आमचं घर बघून, आम्हां दोघांना बघून मग लग्नाला हो की नाही ते सांगणार. लग्न लेकीचं, परीक्षा माझी!

८ नोव्हें.
सकाळी ओहायो गोझाइमासु, दुपारी कोन्निचिवा, आभाराला अरिगातो गोझाइमासु. कागद फ्रिजवर चिकटवला. जन्मभर शाळेत पोरांकडून पाठांतर करून घेतलं, आता माझीच ततपप. ह्यांनी सकाळी सहाला दूधवाल्यावर 'कोन्निचिवा' ठोकलं. तो गोंधळून कानडीत म्हणाला, "एनरी सर?" म्हणजे काय हो सर?

१० नोव्हें.
जेवणाआधी हात जोडून 'इतादाकिमासु', झाल्यावर 'गोचिसोसामा'. पाठ. पण वाकायचं किती? सरावात कंबर धरली. शेजारच्या शांतक्का म्हणाल्या, "टेन्शन घेऊ नको ग. पोटभर वाढ, सगळं सरळ होतंय बघ." तेवढं येतं मला.

१३ नोव्हें.
आल्या. बारीक, टापटीप. मी वाकले, त्या वाकल्या, मी परत वाकले. पहिल्या भेटीचं 'हाजिमेमाश्ते' न अडखळता म्हटलं! मग पानं मांडली. पुरणाची होळगी त्यांनी संपवली. रिकामं पान बघून माझा हात थांबतोय कुठला. दुसरी वाढली, तीही संपवली. हे म्हणाले, "वाढ की अजून, आवडलेलं दिसतंय." तेवढ्यात त्यांनी हात जोडून 'गोचिसोसामा' म्हटलं. कळलं मला, स्पष्ट कळलं. पण आपल्याकडं पाहुणा पुरे म्हणतोच. खरंच नको असेल तर पानावर आडवा हात धरतो. त्यांनी धरला नाही. तिसरी वाढली, वर तूप. माझ्याकडं बघत, हसत, सावकाश खाल्ली.

१४ नोव्हें.
सकाळपासून ओकतायत. डॉक्टर येऊन गेले. फोनवर मुक्ता रडकुंडीला आलेली. "आई, पानात टाकणं बरं दिसत नाही म्हणून खाल्लं त्यांनी. तू कशाला वाढत गेलीस?" लाज वाटते. फ्रिजवरच्या कागदावर क्षमा मागायचा शब्दच नाही. मुक्ताकडून घेतला. गोमेन्नासाइ, गोमेन्नासाइ. दिवसभर तेच.

१५ नोव्हें.
थोडा ताकभात गेला त्यांना. हुबळी विमानतळावर सोडलं. वाकून गोमेन्नासाइ म्हणताना रडूच आलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, कितीतरी वेळ काहीतरी सांगत राहिल्या. मुक्ताचा फोन लागेना. एक शब्द कळला नाही. हे म्हणतात, "हसत होत्या की ग, झालं काम." हसत होत्या, खरं आहे. पण तिसरी होळगी खातानाही त्या अशाच हसत होत्या.