बेटाला वळसा

रविवार, ३

पोचलो एकदाचे! बोटीत सगळ्यांत जास्त आरडाओरडा आत्यानं केला, आणि ओकली नाही ती फक्त तीच. आमची ही धक्क्याला पाय लागेपर्यंत हळदीसारखी पिवळी पडली होती. ठकीला उतरायचंच नव्हतं. खलाशी व्हायचं म्हणून तिनं दोरखंडाला मिठी मारली होती. नऊ वर्षांची घोडी, पण हट्ट तीन वर्षांचा.

क्वार्टर झकास आहे. दोन खोल्या, मागे ओटा, पुढे समुद्र. नळाच्या पाण्याला गंजाचा वास येतो, पण खिडकीतून वारा असा येतो की पंख्याला काम नाही. आत्यानं स्वयंपाकघरात शिरल्या शिरल्या फळ्यांवर हात फिरवला आणि या कुणा पुरुषानं ठोकल्यात असा निकाल दिला. ती मोठे डबे खाली आणि छोटे वर लावत बसली आहे. या बाईनं मला चौथ्या वर्षापासून वाढवलं. माझ्यापायी लग्न केलं नाही. लोक मला तिचाच मुलगा समजतात. ती म्हणते, माझा असता तर इतका उद्धट निघाला नसता.

उद्यापासून बंदराच्या वर्कशॉपचा फोरमन! तीन क्रेन आहेत, त्यातली एक म्हणे फक्त पक्ष्यांना बसायला ठेवली आहे. बघतो तिच्याकडे.

मंगळवार, १२

तिसरी क्रेन फिरली. गिअरबॉक्समध्ये ग्रीसऐवजी वाळू होती म्हटलं तरी चालेल. माणसं बरी आहेत. स्टोअरकीपर तेवढा घुम्या. ग्रीसचा डबा असा देतो, जणू स्वतःचं रक्त काढून देतोय.

आज मात्र तोच आपण होऊन बोलला. बेटाला वळसा घालणारा रस्ता पाहिला का, म्हणाला. एका बाजूला कडा, एका बाजूला समुद्र, अर्ध्या वाटेवर विश्रामगृह. रात्रीचा मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं अर्धं बेट पाहून घरी. स्वतःची जीप देतो म्हणाला, टाकी भरून! तुम्ही सहकुटुंब गेला होतात का, असं मी विचारलं. गेल्या वर्षी गेलो होतो, एवढं बोलून तो बोल्ट निवडायला लागला. बाकीच्यांना एकदम कामं आठवली. पोटात दुखलं असणार, दुसरं काय. नव्या साहेबाला गाडी मिळते म्हणजे काय!

शनिवार, १६

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. डोळ्यांचं पारणं फिटलं. रस्ता कड्याला घोरपडीसारखा चिकटून जातो आणि खाली पाणी इतकं निळं, की ठकीनं विचारलं, यात शाई कुणी ओतली? नारळीच्या बागा, मग खाजणाची दलदल, मग एकदम उघडा समुद्र. एका वळणावर धबधबा थेट रस्त्यावर पडतो. आत्यानं काच खाली ठेवली होती, अंबाड्यासकट भिजली आणि दोष मला दिला. ही किती दिवसांनी गात होती.

विश्रामगृह छोटं आहे पण लखलखीत. रखवालदार इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतो आणि प्रत्येक वाक्याआधी हसतो. झाडलोटीला एक बाई आहे. ती जीपपाशी आली, बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली, जशी एखादी आपली हरवलेली गाय ओळखते. मग विचारलं, तुमच्यातलं राहणार कोण? सगळेच राहणार, दोन खोल्या हव्यात, मी सांगितलं. तिला हसू आवरेना. तोंडात पदर कोंबून आत गेली.

भात, मासे, झोप.

रविवार, १७

सकाळी निघालो. उरलेला अर्धा रस्ता कालच्याहून सुंदर. पुढे बागा, खाजण, उघडा समुद्र. आत्या म्हणाली, अरे, हा धबधबा कालच भेटला की! तिला म्हटलं, बेटावर एकच धबधबा असतो असं कुणी सांगितलं? पण काच वर घेतली.

दुपारी वळणाआडून विश्रामगृहाचं फाटक आलं. रखवालदार दारात हसत उभा. चार ताटं मांडलेली.

फाटा चुकला, दुसरं काय. पण आज फाटा एकही लागला नव्हता, हे हिनं दोनदा सांगितलं. मी तिच्यावर ओरडलो.

सोमवार, १८

आल्या वाटेनं उलटं गेलो. आलो तिथंच. किलोमीटरचा काटा नीट पुढे सरकतोय, इंजिनात दोष नाही, टायर तापतात. गाडी चालते आहे. रस्ता आम्हाला परत आणून ओततो.

मग एकटा चालत गेलो. समुद्र सतत डाव्या हाताला ठेवला, एकदाही वळलो नाही. विश्रामगृहाच्या मागच्या दारातून आत आलो. ठकी तिथं बसून शिंपले मांडत होती. तिनं विचारलं, बाबा, तुम्ही पुढून गेलात ना?

रखवालदारानं चहा आणला आणि समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, जसं कुणी बोटीचं वेळापत्रक सांगतं. इथं एक माणूस राहतं. नवं माणूस राहिलं की जुनं सुटतं, आणि गाडीला वाट मिळते. बळजबरी नाही. घाई नाही. राहणाराला ठाऊक असलंच पाहिजे असंही नाही.

मी विचारलं, जुनं म्हणजे कोण? झाडणारी बाई. स्टोअरकीपरची बायको! गेल्या वर्षीच्या सहलीत तो तिला इथं टाकून गेला. तिला दोन मुलं आहेत. मी त्यांची नावं विचारली तर ती बराच वेळ केरसुणीकडे बघत राहिली. मग म्हणाली, आधी नावं जातात.

मी रखवालदाराची कॉलर धरली. शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नाही.

मंगळवार, १९

हिला सांगितलं. ती रडली नाही. तिनं विचारलं, तुम्ही राहाल?

मी म्हणालो, घर कुणाच्या पगारावर चालतं? ठकीचं काय होईल? गाडी कोण चालवेल?

दोघंही खिडकीतून बाहेर बघत होतो. बाहेर आत्या ठकीची वेणी घालत होती.

बुधवार, २०

झालं.

आत्याला म्हटलं, टायर बसलाय, वजन कमी हवं, पुढच्या गावातून दुरुस्त करून लगेच येतो. ती म्हणाली, जा की, मी काय कुक्कुलं बाळ आहे? मला कुणी पळवून नेतंय होय! ठकीला टोपी दिली. मला म्हणाली, सावकाश चालव रे बाळ्या.

ती बाई गाडीत बसली. आत्याच्या जागेवर. ठकीनं विचारलं, ही का येते आणि आत्याआजी का नाही? मी इंजिन सुरू केलं. ठकीनं मागच्या काचेवर थापा मारायला सुरुवात केली.

आरशात बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. आत्या फाटकात उभी होती, पदरानं तोंड पुसत. मग तिनं फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि पलीकडच्या कुंपणातून अंगणात आली. थांबली. स्वतःच्या पायांकडे बघत राहिली.

तेव्हा तिला कळलं. हाक मारली तिनं. मी गिअर बदलला.

धबधबा लागलाच नाही. दुपारी बंदर दिसलं.

शुक्रवार, २२

वर्कशॉपमध्ये कुणी विचारलं नाही की इतके दिवस कुठे होतो. ताटात जेवण येतं. डबे मोठे खाली, छोटे वर. ठकी माझ्या खोलीत येत नाही. ही बोलते, पण फक्त कामापुरतं. मीठ हवं का. लुंगी वाळली.

स्टोअरकीपरला गोदामात गाठलं. मारायलाच गेलो होतो. तो ग्रीसच्या डब्यावर बसला होता. म्हणाला, मारा साहेब. बायको घरी आली, पण मुलांना अहो-जाहो करते. रात्रभर अंगण झाडते.

मग हळूच म्हणाला, तुम्हीही कुणाला तरी पाठवा. मी वर्षभर नव्या माणसाची वाट बघितली. तुम्ही इतकं थांबू नका. म्हातारं माणूस लवकर पुसलं जातं.

रविवार, २४

सापडला.

धक्क्यावरचा पहारेकरी. म्हातारा, सडाफटिंग. ना आगा ना पिछा. पूर्वी ट्रक चालवायचा, आता कंदील घेऊन येरझाऱ्या घालतो. रडणारं कुणी नाही. त्याला म्हटलं, सहलीला चला, बाटली माझ्याकडून. त्याला भरून आलं. म्हणाला, मला आजवर कुणी कुठे नेलं नाही.

हिला योजना सांगितली. वाटलं होतं तोंड फिरवेल. पण शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, आत्याला आणायचं असेल तर आपण सगळेच जाऊ. ठकीलाही नेऊ.

किती दिवसांनी माझ्याकडे सरळ बघितलं तिनं. पापाचं असेल, पण बरं वाटलं.

शुक्रवार, २९

उद्या निघायचं. जीप पुन्हा स्टोअरकीपरचीच. त्यानं आपण होऊन टाकी भरली. मी टायर पाहिले, ब्रेक पाहिले. संध्याकाळी ही ओट्यावर पहारेकऱ्याशी बराच वेळ बोलत होती. मी दिसताच उठली. म्हणाली, त्याला मासे आवडतात का विचारत होते.

ठकी आज माझ्या शेजारी बसून जेवली.

शनिवार, ३०

आलो. रस्ता तसाच सुंदर आहे. कुणी गायलं नाही.

आत्या अंगण झाडत होती. मी हाक मारली. तिनं केरसुणी भिंतीला टेकवली, पदर नीट केला आणि विचारलं, किती खोल्या लागतील, साहेब?

साहेब. मला.

तिच्या पायांना फोड आहेत, फुटलेले. रखवालदार हसून म्हणाला, पहिले आठ दिवस सगळे चालतातच. ही म्हातारी फार जास्त चालली. सारखं म्हणायची, मुलाला टायरचं बघायला जायचंय.

ठकी तिच्या मांडीत तोंड खुपसून रडली. आत्यानं तिच्या डोक्यावर हात फिरवला, पण कसा, तर शेजारच्या मुलीच्या डोक्यावर फिरवतात तसा. मग मात्र बोटं आपोआप वेणी सोडायला लागली. हात ओळखतात अजून. वेळ आहे.

पहारेकरी आता पायऱ्यांवर बसलाय. बाटली उघडलेलीच नाही. नको म्हणाला, सकाळी गाडी —

गाडीचं काय, ते सांगेना.

रविवार, ३१

उजाडतंय. झोप मस्त लागली. रात्री हिनं दूध दिलं होतं, गरम, फार गोड. डोकं जड आहे, अंथरुणातून उठवत नाही.

ठरलंय असं. पहारेकऱ्याला मागच्या ओढ्यावर पाणी आणायला धाडायचं आणि आपण निघायचं. आत्याला पुढे बसवू. घरी गेली की हळूहळू सगळं आठवेल. नावं मी शिकवीन. तिनं मला शिकवली तशी.

बाहेर सामान चढवतायत. हिचा आवाज. आत्याला म्हणतेय, सावकाश, पाय वर घ्या. किती प्रेमानं! उगाच संशय घेत होतो तिच्यावर. मी इतकंच लिहून —

किल्ली खिशात नाही. उशीखालीही नाही.

इंजिन सुरू झालं. क्लच असा झटक्यात सोडायचा नसतो. ही गाडी चालवत नाही. ठकी तर — ट्रकवाला. पहारेकरी —

खिडकीला गज. दिसतंय. आत्या पुढे. ही मागे, सरळ समोर बघत बसलीय. मी ओरडलो. मान वळली नाही.

ठकी उतरली! ठकी धावत येतेय. माझी ठकी. सांग त्यांना बाळ, सांग, बाबा राहिलेत, बाबा आत —

खिडकीपाशी आली. डोळे कोरडे. म्हणाली, आईनं सांगितलं बाबांशी बोलायचं नाही.

मग का आलीस, राजा? मग का —

दाराकडे गेली. टाचा उंच करतेय. कडीला हात पुरत नाही तिचा. पुरला. उघडतेय. उघड, बाळ, उघ—

कडी बाहेरून घातली