वायरमनच्याच घरात

३ मार्च
वॉशिंग मशीन आज पुन्हा चावलं! पत्र्याला ओला हात लागला आणि कोपरापर्यंत मुंग्या. ह्यांना सांगितलं. "एवढ्याने काय होतंय? बघतो उद्या." नवरा वायरमन, लोकांच्या घरी देवासारखा धावतो — आणि इथे दिव्याखाली अंधार!

५ मार्च
सासूबाई मशीनचं झाकण आता लाटण्याने उघडतात. "तुझ्या नवऱ्यापेक्षा हे कामाचं." पोटच्या पोराबद्दल!

८ मार्च
सहावं "उद्या".

१० मार्च
केलं एकदाचं! नाक दाबून, म्हातारीचा आवाज काढून ह्यांच्याच ऑफिसात फोन — "मशीनमध्ये वीज उतरते हो, घरात कुणी ऐकत नाही." पत्ता आमचाच. सासूबाई तोंडात रुमाल कोंबून हसत होत्या.

११ मार्च
अक्षर वाकडं येतंय. सकाळी मी अंघोळ करून अनवाणीच मशीनकडे गेले, सवयीने झाकण धरलं — हात सुटेना! मूठ आपोआप आवळलेली. ओरडायचं होतं, आवाज फुटेना. सासूबाई मला धरायला धावल्या, आणि मध्येच वळून त्यांनी मेन स्विच खाली ओढला. मी धपकन फरशीवर. "तुला धरलं असतं तर दोघी गेलो असतो. त्यानेच शिकवलंय — शिकवायला मेला हुशार!"

तासाभराने बेल. दारात हे, सोबत त्यांच्या वरच्या मॅडम. तक्रारीचा कागद मॅडमकडे — गाडी आमच्या गल्लीत वळेपर्यंत ह्यांना पत्ताच नाही! "तक्रार करणाऱ्या आजी कोण?" सासूबाईंनी बेधडक हात वर केला.

मॅडमनी प्लग उघडला. अर्थिंगची तार सुटून लोंबत होती. आत मशीनची एक वायर घासून उघडी, थेट पत्र्याला टेकलेली. "कोरडं अंग वीज थोडी तरी अडवतं, ओलं नाही. वीज हातातून शिरून पायातून जाताना वाटेत हृदय लागतं. ते बंद पडायला क्षण पुरतो. हे मी तुम्हाला सांगायचं?"

ह्यांनी खाली बसून ती वायर काढली.

मॅडम मला म्हणाल्या, "बरं वाटलं तरी डॉक्टरकडे जायचंच." गेले. हृदयाचा ईसीजी काढला, बाकी तपासण्याही. रिपोर्ट उद्या.

१२ मार्च
हृदय ठणठणीत. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन महिने झालेत — दिवस गेलेत मला! ह्यांना सांगितलं. हसले. मग एकदम उठले, आणि कुणी न सांगता घरातला एकेक प्लग उघडायला लागले.